करावीनचा पर्च कुठे गेला

मेलबर्न,
१० मार्च १९९६

प्रिय ऊना,

रोलंडला जाऊन सात महिने झाले. चर्चमध्ये तू शेवटच्या बाकावर बसली होतीस आणि चहाला न थांबता निघून गेलीस, हे मी पाहिलं होतं. तेव्हा बोलायचं त्राण नव्हतं. आता कामाचं लिहिते.

त्याच्या खोलीत कागदांची सोळा खोकी निघाली. करावीन धरणातल्या माशांची छत्तीस वर्षांची नोंद त्यांत आहे. कोणत्या साली जाळ्यात किती पर्च आले, किती लांबीचे, किती गाबोळीचे, सगळं. निवृत्तीनंतर हे सलग लिहून काढायचं त्याच्या मनात होतं, ते राहिलं. विद्यापीठातल्या डॉक्टर फेनेला रिच म्हणतात, मी जुळवाजुळव केली तर त्या ते छापून आणतील. एका धरणातल्या माशांचं इतकं जुनं आणि अखंड टिपण देशात फारसं कुठे नाही म्हणे.

मात्र मध्ये भगदाडं आहेत. पन्नास ते सदुसष्ट या काळातल्या आपल्या डॅडच्या वह्या तुझ्याकडे असतील. आपल्या होड्या भाड्याने नेणाऱ्या प्रत्येकाचा मासा मोजून डॅड वहीत लिहायचे, त्या वह्या. पाठवशील? जपून वापरीन आणि परत करीन.

तुझी कंबर कशी आहे? होड्या अजून एकटीच ओढतेस का?

थिआ

*

करावीन,
२४ मार्च १९९६

थिआ,

कंबर आहे तिथेच आहे. होड्या नऊच्या चार झाल्या, तेव्हा ओढायलाही फारसं काही उरलं नाही.

१९५२ ते १९६० पर्यंतच्या वह्या बसने पाठवल्या आहेत. १९६१ची उंदरांनी खाल्ली. पुढच्या शोधून बघते.

एक सांगते, राग मानू नकोस, किंवा मान. त्या डॅडच्या वह्या नाहीत. उघडून बघ. बावन्न सालापासून अक्षर माझं आहे. डॅडना चष्म्याशिवाय दिसायचं नाही आणि लोकांसमोर चष्मा लावायची लाज वाटायची. ते मासा हातात धरून आकडा सांगायचे, मी लिहायची. पंधराव्या वर्षापासून. तू तेव्हा शाळेच्या नाटकात राजकन्या होत होतीस.

आणि तो १९६१चा लेख. 'करावीन धरणातील पर्च', लेखक दोन, रोलंड आणि तू. वसंतात, ऑक्टोबर लागला की, पर्च धरण सोडून बिलाबी नदीत चढतो आणि खडीवरच्या उथळ पळत्या पाण्यात अंडी घालतो, हे त्याला कुणी दाखवलं? मांडीपर्यंत पाण्यात उभं राहून जाळं कुणी धरलं? तीन वसंत मी त्याच्याबरोबर नदीत होते. तू टंकलेखन केलंस. लेख आला तेव्हा माझं नाव आभारातसुद्धा नव्हतं, 'स्थानिक साहाय्य' एवढंच होतं. पस्तीस वर्षं झाली, मला ते पान तोंडपाठ आहे.

इथला मासा विचारशील तर पर्च संपला. गेल्या वर्षी एक आला, लोकांनी फोटो काढले. आता सगळा रेडफिन. पाठीवर पट्टे, पोटाखाली लाल पर, आणि लांबी माझ्या बोटाएवढी. इतके झालेत की त्यांनाच खायला पुरत नाही. एकमेकांची पिल्लं खातात.

ऊना

*

मेलबर्न,
१६ एप्रिल १९९६

प्रिय ऊना,

वह्या मिळाल्या. अक्षर तुझंच आहे, आणि माझ्यापेक्षा चांगलं आहे. लेखात तुझं नाव हवं होतं. मी तेव्हा एकवीस वर्षांची होते, माझं नाव छापून येतंय यातच मी हरखून गेले होते. तुझं नाही हे लक्षात आलं होतं. मी बोलले नाही. हे लिहून टाकते, म्हणजे पुन्हा विचारावं लागणार नाही.

पण नुसतं टंकलेखन केलं म्हणू नकोस. तेहतीस वर्षं रात्रंदिवस माशांशिवाय दुसरं न बोलणाऱ्या माणसाचा संसार केला.

आता दोन प्रश्न.

पहिला. रेडफिन करावीनमध्ये आला कधी आणि कुठून? रोलंडच्या नोंदीत तो १९६४च्या ऑक्टोबरात एकदम उगवतो, जाळ्यात तीन. दहा वर्षांत पर्चच्या वर जातो. नदीत तो मुळात नव्हता, म्हणजे कुणीतरी आणून सोडला. तू तिथेच होतीस. तुझ्या कानावर काही आलं होतं?

दुसरा प्रश्न नोंदीचा नाही. १९६८ ते १९७८, दर ऑक्टोबरात, रोलंडच्या खिशातल्या डायरीत एकच ओळ आहे. 'ऊ. बरोबर शिडीच्या धबधब्यापर्यंत.' कधी चार दिवस, कधी सहा. मला तो सांगायचा की जाळी लावायला चाललोय. तुझं नाव त्याने अकरा वर्षांत एकदाही घेतलं नाही. जाळी धरणात लागतात, धबधबा नदीत बारा मैल वर आहे. तिथे काय होतं?

थिआ

*

करावीन,
९ मे १९९६

थिआ,

रेडफिनचं मला माहीत नाही. इथे दर रविवारी शंभर लोक येतात, कोण डब्यातून काय आणतो यावर मी पहारा ठेवत नाही.

दुसऱ्याचं उत्तर देणार नाही. तुला नवरा मिळाला, लेखात नाव मिळालं, मेलबर्नचं घर मिळालं. माझ्याकडे वर्षातले चार दिवस होते. तेही मोजायला निघालीस?

थंडी पडली. दुकान सप्टेंबरपर्यंत बंद.

ऊना

*

मेलबर्न,
२० जुलै १९९६

ऊना,

तुझं पत्र आल्यावर दोन महिने मी खोक्यांना हात लावला नाही. डॉक्टर फेनेला दोनदा येऊन गेल्या. मी सांगितलं, फ्लू आहे.

खरं सांगते. जूनमध्ये मी बसने करावीनला आले होते. तुला कळवलं नाही. तू धक्क्यावर होडी उलटी करून डांबर लावत होतीस, माझ्याकडे पाठ होती. मी दुकानाच्या खिडकीतून आत बघितलं. बंद दुकानात, गळाच्या दोऱ्यांच्या वर, त्याचा फोटो आहे. पॅन्ट गुडघ्यापर्यंत वळलेली, खांद्यावर ओलं पोतं, आणि तो हसतोय. माझ्याकडे त्याचे दोनशे फोटो आहेत. एकातही तो तसा हसत नाही. मी तशीच वळले आणि दुपारच्या बसने परत आले.

छप्पन्न वर्षांच्या विधवेला मत्सर वाटावा याची लाज वाटते, पण वाटतो. तो वर्षातून साठ दिवस घराबाहेर असायचा आणि परत आला की त्याच्या कपड्यांना नदीचा वास यायचा. मला वाटायचं की माझी सवत ती नदी आहे. ते मी सोसलं होतं. सवत तू असशील तर ते वेगळं आहे.

हो किंवा नाही, एवढंच लिही. त्यानंतर मी पुन्हा पत्र लिहिणार नाही.

थिआ

*

करावीन,
११ ऑगस्ट १९९६

थिआ,

नाही.

पुढचं वाचायचं नसेल तर इथे थांब. मला मात्र लिहायलाच हवं, कारण गेल्या पत्रात मी तुला मुद्दाम तसं वाटू दिलं. तुझा जळफळाट व्हावा असं वाटलं. इतकी वर्षं माझा झाला, चार दिवस तुझा झाला तर काय बिघडलं, असं. तू दुकानापर्यंत येऊन परत गेलीस हे वाचलं तेव्हा कळलं, मी फार पुढे गेले.

दोन प्रश्न वेगळे नाहीत, एकच आहे.

१९६१च्या नोव्हेंबरात एकाच आठवड्यात टपालाने दोन गोष्टी आल्या. छापलेला लेख आणि तुमच्या लग्नाचं निमंत्रण. डॅडनी दोन्ही दुकानात टाचणीने लावली, येईल त्याला दाखवायचे, 'माझी पोरगी' म्हणून. मी तिथेच उभी राहून चहा ओतत होते. दोन दिवस मी हसले. तिसऱ्या दिवशी दुधाचा कॅन घेतला आणि ट्रक काढून पेडरसनच्या शेतावर गेले. त्याच्या शेततळ्यात त्याच्या भावाने शहरातून आणलेले रेडफिन होते. म्हातारा म्हणाला, "इतकी इवलीशी पिल्लं कशाला हवीत तुला, तळून दाताखाली यायची नाहीत." मी म्हटलं, बागेतल्या टाकीत डास झालेत. चाळिसेक असतील. येताना कॅन पायांमध्ये धरून चालवत आले, हिंदकळू नये म्हणून. बिलाबीच्या मुखाशी, जिथे मी रोलंडला पहिल्यांदा पर्च दाखवला होता तिथेच, कॅन पाण्यात आडवा केला. ती लगेच गेली नाहीत. थोडा वेळ माझ्या घोट्यांभोवती फिरली.

मला पर्च मारायचा नव्हता. मला त्याचा लेख खोटा पाडायचा होता. त्याने लिहिलं होतं की करावीनमध्ये पर्च पुढची शंभर वर्षं नांदेल. वाटलं, नांदू दे बरं.

चौसष्ट साली जाळ्यात पहिले तीन आले तेव्हा डॅडनी ते बराच वेळ हातात धरले. मला आकडा सांगितला नाही. म्हणाले, "हे लिहू नकोस, गावात बोभाटा होईल." ते गेले सदुसष्टला. तोवर होडीमागे दिवसाला वीस पर्च यायचे त्यांचे सहा झाले होते. रेडफिन पर्चची पिल्लं खातो, आणि त्याच्या अंगचा एक रोग पर्चला मारतो, हे नंतर कळलं. मरताना डॅड माशांबद्दलच बोलत होते. मी तेव्हाही सांगितलं नाही.

अडुसष्टला रोलंडला मी पत्र लिहिलं. शिडीच्या धबधब्यावर कुठलाच मासा चढू शकत नाही. म्हणजे वर रेडफिन कधी पोचणार नाही. पर्च वर नेऊन सोडला तर तेवढा तरी जगेल. तो आला. धबधब्याखाली सापळा लावायचा, गाबोळीने भरलेल्या माद्या आणि नर दुधाच्या कॅनमध्ये घ्यायचे, वर ओलं पोतं, आणि कॅन पाठीवर बांधून दोनशे फूट खडक चढायचा. अकरा वसंत. एकूण सहाशे बारा मासे. परवानगी कुणाची नव्हती, मत्स्यखात्यातला सरकारी माणूस असून तो चोरून करत होता, म्हणून तुलाही बोलला नसेल. त्याची छाती दुखायला लागल्यावर मी एकटी करत राहिले, शहाऐंशीपर्यंत.

आणि ऐक. चढताना तो सबंध वेळ तुझं सांगायचा. थिआने पडदे बदलले. थिआ हे वाचते, थिआ ते म्हणाली. एकदा मी कॅन खाली ठेवून म्हटलं, "रोलंड, तुझ्या बायकोला दम लागत नाही, मला लागतो. जरा गप्प बस." त्यावर तो हसला, तू पाहिलास तो फोटो तेव्हाचा. कॅमेरा माझ्या हातात होता.

मी रेडफिन सोडला हे त्याला मी कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो दुसऱ्या वर्षी आला नसता, आणि मला तो यायला हवा होता. पर्चसाठी किती आणि माझ्यासाठी किती, हे मला विचारू नकोस.

१९६१ची वही सोबत आहे. उंदीर नव्हते. २३ नोव्हेंबरच्या पानावर सगळं लिहिलं आहे. मी आकडे खोटे लिहीत नाही.

ऊना

*

मेलबर्न,
२७ ऑक्टोबर १९९६

प्रिय ऊना,

उत्तराला अकरा आठवडे लावले. रागामुळे नाही, म्हणजे राग होताच, पण कारण दुसरं आहे.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी चौसष्टचं खोकं उपसलं. तळाशी एक लहान पाकीट होतं, डिंकाने बंद केलेलं. आत त्या पहिल्या तीन रेडफिनचे खवले आणि एक कागद. माशाचं वय खवल्यावरच्या वलयांवरून कळतं, झाडासारखं, हे तुला माहीत आहे. कागदावरचं अक्षर रोलंडचं. जसंच्या तसं उतरवते.

'तिन्ही माशांना तीन वलयं. जन्म १९६१चा वसंत. आरंभीच्या रेषा दाटीच्या, मग एकदम विरळ, म्हणजे लहान तळ्यातून मोठ्या पाण्यात आणलेले. पेडरसन म्हणतो, होडीवाल्याची थोरली मुलगी कॅन घेऊन आली होती. ऊनाला हे विचारायचं नाही. तिचं नाव लेखात न घालण्याची चूक माझी होती.'

त्याला माहीत होतं. चौसष्टपासून.

हे तुला कळवायचं की नाही, या विचारात अकरा आठवडे गेले. खरं तर दोन दिवसांत माझा निर्णय झाला होता, कळवायचं नाही. त्याला दाढ दुखली तरी तो मला सांगायचा. साहेबांशी झालेलं भांडण, डॉक्टरी तपासणीतला दोष, सगळं मला पहिल्यांदा. आणि ही एवढी मोठी गोष्ट त्याने एकतीस वर्षं तुझ्यासाठी पोटात ठेवली. तुमच्यात काही नव्हतं हे तू लिहिलंस, ते मला पटलं. पण हे पाकीट पाहिल्यावर वाटलं, काही असतं तर एक वेळ परवडलं असतं. शेगडीत टाकायला म्हणून दोनदा उचललं. ते जाळलं असतं तर तू जन्मभर समजली असतीस की तू त्याला फसवलंस. मला ते चाललं असतं. शेवटी फेनेला म्हणाल्या, खवले पुरावा आहेत, पाकीट द्या. पुरावा छापायचा तर तुला आधी कळायला हवं. एवढाच माझा मोठेपणा.

आता दुसरं. आकडे मांडून झाले. धरणाची भिंत छप्पन्न साली उंचावली. नवी जमीन पाण्याखाली गेली, किडे-गांडुळं मुबलक झाली, पर्च दोन-तीन वर्षं मातला. डॅडची ती सोन्याची वर्षं. पण त्याच पाण्याखाली बिलाबीची खालची खडीही बुडाली, जिथे तो अंडी घालायचा. लहान मासे तुझ्याच वहीत अठ्ठावन्नपासून कमी होत गेले आहेत. साठ साली निम्मे. म्हणजे तुझा कॅन यायच्या आधी तीन वर्षं उतार लागला होता. रेडफिन नसता तरी पर्च घटलाच असता, सावकाश. तू त्याला ढकललंस, पण तो आधीच कड्यावर होता.

लेखात 'एका स्थानिक व्यक्तीने' असं लिहू का? फेनेलांची हरकत नाही.

थिआ

*

करावीन,
१० नोव्हेंबर १९९६

थिआ,

पाकिटाबद्दल काय लिहू. तो माझ्या मागून चढायचा. खांद्यावर ओलं पोतं, मी घसरले तर कॅन धरायला. अकरा वर्षं तो मागून चढला आणि त्याला माहीत होतं. मी प्रायश्चित्त लपूनछपून करत होते, आणि तो ते मागून बघत होता. दोन दिवस दुकान उघडलं नाही.

तुला पाकीट जाळावंसं वाटलं हे बरं लिहिलंस. जाळलं नाहीस हेही. मी जाळलं असतं.

भिंतीचं वाचून मात्र डोकं फिरलं. पस्तीस वर्षं मी हे एकटीने वाहिलं आणि आता तू म्हणतेस, यातलं निम्मं धरण बांधणाऱ्यांचं. लेखाच्या वेळी माझ्या तोंडाला पानं पुसलीत, आता पापातही वाटेकरी आणतेस. आकडे तसं म्हणत असतील तर छाप. आकड्यांपुढे माझं चालत नाही, ते मीच लिहिलेत. पण 'एका स्थानिक व्यक्तीने' लिहिलंस तर याद राख. एकदा मी 'स्थानिक साहाय्य' होऊन बसले आहे. दुसऱ्यांदा होणार नाही. नाव लिही. ऊना ट्रेगेन्झा, होडीवाल्याची थोरली मुलगी, २३ नोव्हेंबर १९६१, सुमारे चाळीस पिल्लं. आणि नाव लिहायचंच तर दोन्हीकडे लिही, जिथे दोष आहे तिथे आणि जिथे मोजलं आहे तिथे.

मागच्या आठवड्यात धबधब्यावर गेले होते. चढायला आता पाच तास लागतात. वरच्या तीन डोहांत त्रेसष्ट पर्च मोजले. त्यांतले एकवीस वीतभरसुद्धा नव्हते, म्हणजे वर अंडी घातली जात आहेत. हे आकडे घे. यांचं माप माझं आहे.

ऊना

*

मेलबर्न,
१५ जून १९९७

प्रिय ऊना,

लेख छापून आला. प्रत सोबत आहे.

पहिलं नाव रोलंडचं, दुसरं तुझं, तिसरं माझं. फेनेलांनी आपलं नाव घातलं नाही. दुसरं माझं असावं असं त्या म्हणत होत्या, लिहिलं मी म्हणून. 'दुसरं तिचं' हे बोलायला मला जड गेलं, खोटं कशाला सांगू. बोलले मात्र.

सहाव्या पानावर तुझा कबुलीजबाब आहे, तुझ्याच शब्दांत. त्यातलं एक अक्षरही मी इकडचं तिकडे केलेलं नाही. भिंतीचं चौथ्या पानावर आहे. गावात काय होईल याची मला काळजी वाटते. हवं तर काही दिवस माझ्याकडे ये. पाहुण्यांची खोली कोरडी आहे.

थिआ

*

करावीन,
६ जुलै १९९७

थिआ,

गावात जे व्हायचं ते झालं. मच्छीमार क्लबने मला समितीतून काढलं. बावीस वर्षं त्यांच्या स्पर्धेचा वजनकाटा माझ्या हातात होता. क्लाइव्ह डनस्टन, ज्याचा बाप डॅडच्या होडीतून पर्च धरायचा, दुकानासमोरून जाताना मान वळवतो. कुणीतरी पायरीवर बादलीभर रेडफिन ओतून गेलं. मी ते साफ करून मांजरांना घातले. एक तरुण जोडपं मात्र मुद्दाम आलं, वरचे पर्च बघायला कसं जायचं विचारत. सांगितलं नाही.

तुझ्याकडे येत नाही. मी पळाले असं त्यांना वाटायला नको.

लेख चार वेळा वाचला. पहिल्यांदा नुसती नावं मोजली. रोलंड एकोणीस वेळा, मी अकरा, तू चार. मला बरं वाटलं. आपण कशा आहोत हे तुझ्यापासून लपवून आता काय उपयोग.

चौथ्यांदा वाचताना बाराव्या पानाशी थांबले, जिथे धबधब्याचं वर्णन आहे. खडकावरून पाणी पायरी पायरीने उतरतं, खालच्या डोहात पर्च तोंड वर करून प्रवाहात स्थिर उभा राहतो, जणू वर चढायचा रस्ता कुणी सांगेल म्हणून. ते रोलंडचं नाही. त्याची वाक्यं मला ओळखू येतात, त्यांत कधी 'जणू' नसायचं. फेनेलाबाई तिथे गेलेल्या नाहीत. ते तू लिहिलंस. तू तो धबधबा जन्मात पाहिला नाहीस, मी अठ्ठावीस वर्षं पाहिला, आणि तू माझ्यापेक्षा चांगला लिहिलास.

पण एक चूक आहे. सापळा लावायचा सपाट खडक तू डाव्या काठाला घातलास. तो उजव्या काठाला आहे. छापून गेलं, आता दुरुस्त होणार नाही. ऑक्टोबरात पाणी सोळा अंशांवर आलं, वरचे पर्च अंडी घालायला निघाले, की कळवते. चांगले बूट घालून ये, म्हणजे निदान आपल्या दोघींना तरी तो कुठे आहे ते माहीत असेल.

ऊना